एक फूट सोडून

मोजणीसाहेबांचं पिकलबॉलशी मुळात काही देणंघेणं नव्हतं. सोसायटीत पुढे जे महाभारत घडलं त्याला तेच जबाबदार आहेत असं सेक्रेटरी अजूनही म्हणतात. पण साहेबांचा गुन्हा इतकाच, की त्या सकाळी ते गॅलरीत उभे होते आणि खाली मागच्या अंगणात कॅशियर खडूने वाकडी रेघ ओढत होते. चौतीस वर्षं जमिनी मोजण्यात घालवलेल्या माणसाला वाकडी रेघ बघवत नाही. शेजारी भांडण चाललं असेल तर तो कानाडोळा करील, घरातला नळ गळत असेल तर महिनाभर गळू देईल, पण रेघ म्हणजे अब्रूचा प्रश्न. साहेब घरातल्या चपलांवर तसेच खाली उतरले.

खरं तर खाली उतरायला त्यांना निमित्तच हवं होतं. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्यांना कुणी काहीही मोजायला सांगितलं नव्हतं. नाही म्हणायला एकदा बायकोने दिवाणखान्याच्या खिडकीचं माप विचारलं होतं. साहेबांनी कपाटातून पोलादी टेप काढली, चष्मा पुसला, खिडकी मोजली, आकडा कागदावर लिहिला आणि खाली तारीख घालून सही केली. त्या मापाने शिवलेला पडदा खिडकी ओलांडून खाली सोफ्याच्या पाठीवर फूटभर लोळायला लागला. कापड धुतल्यावर आखडतं, म्हणून आपण मुद्दाम जास्त धरलंय, असा साहेबांनी निकाल दिला. पडदा तीनदा धुतला गेला तरी आखडला नाही. तेव्हापासून बायको घरातली सगळी मापं वितीने घ्यायला लागली आणि टेप कपाटात वरच्या फळीवर गेली.

ही बायको म्हणजे शिवणबाई. मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं शिवण शिकवलं होतं, त्यामुळे सगळी सोसायटी तिला याच नावाने ओळखे. पिकलबॉलचं बी सोसायटीत तिनेच पेरलं. परगावी असणारी लेक सुट्टीला आली तेव्हा दोन बॅटी आणि भोकं पाडलेला प्लास्टिकचा एक चेंडू घेऊन आली, आणि जाताना त्या इथेच विसरली. विसरली की मुद्दाम ठेवल्या यावर नवराबायकोत दुमत आहे. बॅट म्हणजे पोळपाटाला मूठ लावावी तसा प्रकार. टेनिसपेक्षा मैदान लहान, पळापळ कमी, आणि चेंडू इतका समंजस की साठीच्या बाईलाही तो भेटल्याशिवाय जात नाही. शिवणबाई आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मागच्या अंगणात जुन्या टाकीशेजारी टोलवाटोलवी करायला लागल्या. आठवड्यात चार जणी झाल्या, महिन्यात पंधरा माणसं, आणि त्यात पुरुषही.

गावात तर साथच आली होती. कोपऱ्यावर शाळेचे गणवेश विकणाऱ्या दुकानदाराने गणवेश आत ढकलून दारात बॅटी टांगल्या. पलीकडच्या रस्त्यावर फर्निचरचं गोदाम होतं, तिथे फर्निचर जाऊन दोन कोर्टं आली. कापडाच्या गोदामात तीन आली. त्या तिन्हींचा मालक पूर्वी व्यायामशाळा चालवायचा. त्याला सगळे फिटनेसवाला म्हणत. हा मनुष्य कुठलीही मोकळी जागा दिसली की पावलांनी मोजायला लागतो, अशी त्याची ख्याती होती. रिकाम्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या माणसाशी साहेबांचा आयुष्यभर संबंध आला होता. पण ते पुढे.

तर साहेब खाली आले आणि त्यांनी कॅशियरच्या हातातला खडू काढून घेतला. कॅशियर निवृत्त बँकवाले. इंटरनेटवर वाचलेलं सगळं त्यांना तोंडपाठ असतं. कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, मध्ये जाळी, म्हणजे जाळीपासून दोन्हीकडे बावीस-बावीस फूट, हे त्यांनी एका दमात सांगितलं. जाळीच्या दोन्ही अंगांना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, हेही सांगितलं. ज्या पुरुषांनी जन्मात घरच्या किचनमध्ये पाऊल ठेवलं नाही, ते इथे मात्र सारखे त्यात शिरतात, असं काकूंचं निरीक्षण होतं.

साहेबांनी वरून टेप मागवली. शिवणबाई ती घेऊन आली. टेपचं टोक तिच्या हातात देऊन साहेबांनी जमलेल्या मंडळींना चार शब्द ऐकवले. टेपचं टोक हा टेपचा सगळ्यात खोटारडा भाग. कडी ढिली होते, टोक झिजतं, वाकतं, शून्य कुठे आहे ते देवालाही सांगता येत नाही. म्हणून जातिवंत मोजणीदार शून्य वापरतच नाही. तो एक फुटाची खूण जागेवर धरतो, तिथून मोजतो, आणि आलेल्या आकड्यातून एक फूट वजा करतो. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, हाताखालच्या प्रत्येकाला हेच शिकवलं होतं, आणि एका सुताचा फरक कधी निघाला नव्हता. या भाषणात एक बारीकशी गोष्ट राहून गेली. कचेरीत साहेब फक्त आकडा पुकारायचे. वजाबाकी त्यांचा शागीर्द करायचा.

भिंतीकडच्या बाजूला शिवणबाईने जाळीखाली एक फुटाची खूण धरली. साहेब टेप ओढत निघाले तेव्हा ती म्हणाली, “मग तिकडे तेवीसवर खूण करा हं.” साहेब म्हणाले, अर्थात, आणि तेवीसवर खूण केली. इतक्यात वर घरात लेकीचा फोन वाजला आणि शिवणबाई जिना चढून गेली.

टाकीकडची बाजू उरली. साहेबांनी जाळीखाली एक खिळा ठोकून त्यावर एक फुटाची खूण अडकवली आणि टेप सोडत निघाले. आता खरं तर एकट्याने करायचं काम, पण आपल्याकडे एक माणूस वाकला की चार माणसं त्याला कसं वाकावं ते सांगायला येतात. सेक्रेटरी म्हणाले, रेघा पिवळ्या असाव्यात, पांढऱ्या रेघा बघून लोकांना पार्किंग वाटेल. काकू म्हणाल्या, पिवळ्या रंगाने ऊन तापतं. तळमजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, रेघा हव्या त्या रंगाच्या मारा, पण चेंडूच्या प्रत्येक टोल्याला माझा खुर्चीतला पेशंट दचकतो आणि माझ्या हातात ड्रिल असतं. आणि या सगळ्यांच्या वर कॅशियर साहेबांच्या शेजारून चालत जपमाळ ओढत होते, “बावीस, साहेब. बावीस. इंचभर कमी नको, इंचभर जास्त नको. बावीस.” साहेबांनी वैतागून बावीसवर खूण केली.

मग त्यांनी दोन्ही कर्ण मोजले. जातिवंत मोजणीदार कर्ण मोजल्याशिवाय उठत नाही. दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे आले. साहेबांनी मंडळींकडे असं पाहिलं, की सेक्रेटरींनीही हात जोडले. आता आयत कुठल्याही लांबीचा असला तरी त्याचे कर्ण सारखेच येणार, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या क्षणी तिथे शाळेतलं पोर नव्हतं.

रंग साहेबांनी रस्त्यांची कामं करणाऱ्या ओळखीच्या ठेकेदाराकडून आणला. रस्त्यावर पट्टे मारायचा रंग, सात वर्षं वरून ट्रक गेले तरी हलत नाही. तो पांढरा होता, त्यामुळे रंगाचा वाद आपोआप मिटला.

त्यानंतरचे चार महिने साहेबांच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. सोसायटीत त्यांना रस्ता मिळायला लागला. लोक त्यांना थांबवून गाडी नीट लागलीय का, कपाट दारातून जाईल का, असले प्रश्न विचारू लागले. साहेब छाती काढून चालायला लागले, सकाळी दाढी करायला लागले. खेळात मात्र ते फारसे पुढे गेले नाहीत, कारण चेंडू कुठे पडला याकडे त्यांचं लक्ष असे, आणि तोवर पुढचा चेंडू येई.

खेळात नाव काढलं ते शिवणबाईने. तिला कुणी हरवूच शकेना. ती जोरात मारत नसे, पळत नसे. तिचं सगळं कौशल्य सोडण्यात होतं. समोरून लांब, सणसणीत चेंडू आला, की ती जोडीदाराला शांतपणे म्हणे, “सोडा, बाहेर आहे.” आणि चेंडू रेघेच्या पलीकडे चार बोटांवर पडे. विशेषतः टाकीकडच्या बाजूला असली म्हणजे तिची नजर दैवी होई. हळूहळू बाहेरच्या सोसायट्यांतून लोक शिकायला यायला लागले. सकाळची एक बॅच झाली, मग संध्याकाळची. दातांचे डॉक्टरही आधी तक्रार सांगायला, मग बघायला, मग दोन पेशंटांच्या मध्ये एक डाव खेळायला येऊ लागले. बाहेरच्यांनी दिलेल्या पैशातून सोसायटीने पक्की जाळी घेतली, दिवे लावले, आणि टाकीशेजारी कुणाच्या तरी सासरेबुवांच्या नावाचा बाकही आला.

हे पाहून फिटनेसवाला आला. आला तो अंगण पावलांनी मोजतच आला. त्याने प्रस्ताव मांडला: पाच वर्षं जागा मला द्या. मी छप्पर घालीन, गादीदार जमीन टाकीन, फोनवरून बुकिंग. सोसायटीच्या लोकांना दुपारी एक ते तीन सवलत. सेक्रेटरींना प्रस्ताव आवडला, कारण चार महिने ते कुणाची पाळी आधी यावरची भांडणं सोडवत होते. सभा बोलावली गेली. खेळणारे सगळे विरोधात बोलले, पण ते एकाच वेळी बोलले, त्यामुळे त्याचा काही परिणाम झाला नाही. मग फिटनेसवाला गोड आवाजात म्हणाला, “काका-काकू, तुमचा उत्साह मला मान्य आहे. पण हे कोर्ट तरी नियमाचं आहे का? कुणीतरी हौसेने खडूने आखलंय.”

साहेब उभे राहिले.  साहेबांनी कागद मागितला, आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की या कोर्टाची सरकारी मोजणी व्हावी. आखणीत एका सुताचा जरी फरक निघाला तर मी पुन्हा टेपला हात लावणार नाही, आणि समितीने जागा कुणालाही द्यावी, माझी हरकत राहणार नाही. तारीख घातली, सही केली. सेक्रेटरींनी लगेच त्याचा ठराव केला. मोजणी बरोबर आली तर जागा खेळणाऱ्यांची, नाही तर फिटनेसवाल्याची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त शिवणबाईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती घरी येताना जिन्यात म्हणाली, “लिहून द्यायची काय गरज होती?” साहेब म्हणाले, “तुला आखणीतलं कळत नाही.” 

सरकारी मोजणी म्हटल्यावर आधी नगरपालिकेत जावं लागलं. क्रीडा विभागातल्या बाईंनी यादी काढून दाखवली, तिच्यात पिकलबॉल नव्हता. नसलेल्या खेळाला आम्ही परवानगी देऊ शकत नाही, तो असेल त्या विभागात जा, असं त्या म्हणाल्या. बांधकाम विभागाने विचारलं, छप्पर आहे का? नाही. भिंती आहेत का? नाही. मग हे बांधकाम नाही. उद्यान विभागाने विचारलं, गवत आहे का? साहेबांनी नाही म्हटल्यावर तिथल्या माणसाला खरोखर वाईट वाटलं. तो म्हणाला, थोडं जरी असतं तरी केलं असतं. शेवटी परत क्रीडा विभागाच्या बाईंनी दया येऊन अर्ज बॅडमिंटनमध्ये घातला आणि सोबत भूमापन कचेरीचा दाखला आणायला सांगितलं.

भूमापन कचेरी म्हणजे साहेबांची स्वतःचीच. चौतीस वर्षं ज्या खिडकीच्या आत ते बसले, तिच्या बाहेर ते आता रांगेत उभे राहिले. दारावरच्या नव्या पहारेकऱ्याने त्यांना नाव, पत्ता आणि कामाचं स्वरूप लिहायला लावलं. आत पंखा तोच होता, डुगडुगता, आणि टेबलावर काचेखाली त्यांनीच ठेवलेलं सुट्ट्यांचं वेळापत्रक होतं. अपमान व्हायचा तो सगळा झाल्यावर त्यांची पाळी आली, आणि त्यांच्या खुर्चीतून त्यांचा शागीर्द ताडकन उठला.

वीस वर्षं साहेबांच्या मागून टेपची पेटी घेऊन चाललेला हा मनुष्य. आता तो मोजणी अधिकारी झाला होता, केस पिकले होते, पण साहेबांना पाहून त्याचा हात आपसूक पेटी शोधायला गेला. अर्ज वाचून तो म्हणाला, “सर, तुम्ही आखलेलं मी काय मोजणार? घरी बसून दाखला लिहून देतो.” साहेबांनी ते साफ नाकारलं. मोजणी जागेवर येऊन, सर्वांसमक्ष, नियमाप्रमाणे व्हायला हवी, आणि मी हजर आहे म्हणून हात आखडता घ्यायचा नाही, असं त्याला बजावलं. जिन्यावरून उतरताना साहेबांना स्वतःच्या सचोटीचं फार कौतुक वाटलं.

मोजणीच्या सकाळी झाडून सगळी सोसायटी अंगणात लोटली. वरच्या गॅलऱ्या भरल्या. डॉक्टरांनी एका पेशंटला जबडा बधिर करून तसंच खाली आणलं होतं. फिटनेसवाला बाकावर बसून गादीदार जमिनीचे नमुने लोकांना चाचपायला देत होता. शिवणबाई मात्र मागे भिंतीला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

शागीर्द आला. गर्दी टाकीकडच्या बाजूला होती म्हणून त्याने तिथूनच सुरुवात केली. साहेबांनी शिकवलं होतं तसंच त्याने एक फुटाची खूण जाळीखाली खिळ्याला लावली, टेप ताणली, मागच्या रेघेवर वाकला, आणि साहेब पुकारायचे तसा टेपवर दिसेल तो आकडा पुकारला.

“बावीस.”

अंगणात एकच जल्लोष झाला. बावीस हा आकडा चार महिन्यांत सोसायटीतल्या तान्ह्या मुलालाही पाठ झाला होता. कॅशियरनी काकूंशी हस्तांदोलन केलं. सेक्रेटरींनी वही उघडून लिहायला सुरुवात केली. बधिर जबड्याच्या पेशंटनेसुद्धा काहीतरी आनंदाचं म्हटलं. फिटनेसवाल्याने नमुने पिशवीत भरायला घेतले.

या सगळ्या गलक्यात दोनच माणसं स्तब्ध होती. शागीर्द रेघेवर वाकलेला तसाच राहिला होता आणि मान वळवून साहेबांकडे पाहत होता. साहेब खिळ्याकडे पाहत होते. खिळ्यावर एकाचा आकडा स्वच्छ दिसत होता. एकापासून बावीसपर्यंत एकवीस फूट होतात. साहेबांना पडदा आठवला.  चौतीस वर्षांत एका सुताचा फरक निघाला नव्हता, आणि आज अख्खा फूट पांढऱ्या रंगात, सात वर्षं न हलणाऱ्या रंगात, सगळ्यांच्या पायाखाली होता.

शागीर्द जवळ आला. अगदी हळू आवाजात म्हणाला, “सर, सगळ्यांनी बावीस ऐकलंय. मीही बावीसच वाचलंय. खोटं कुणीच बोललेलं नाही.”

यात खोटं काहीच नव्हतं, हेच तर वाईट होतं. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. काकू हसत होत्या. डॉक्टर बॅट घेऊन आले होते, दाखला हातात पडताच डाव मांडायला. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं, नुसता श्वास सोडायचा होता. साहेबांना फार, फार गप्प राहावंसं वाटलं.

“एक फूट वजा कर,” ते मोठ्याने म्हणाले.

“सर...”

“मी तुला काय शिकवलं? वजा कर आणि पुकार.”

शागीर्दाने पुकारलं, “एकवीस.” वरच्या गॅलरीतल्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी सगळ्यांनी पूर्ण ऐकली. मग शागीर्दाने भिंतीकडची बाजू मोजली. तिकडे तेवीसचे बावीस झाले. म्हणजे निम्मं कोर्ट बरोबर होतं, आणि निम्मं कोर्ट फूटभर आखूड. शागीर्द सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “चूक सरांची नाही. वजाबाकी नेहमी माझ्याकडे असायची. मी इथे नव्हतो.” साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. सोबत आणलेली स्वतःची टेप पेटीत घातली, पेटी शागीर्दाच्या हातात दिली आणि जाऊन टाकीच्या कठड्यावर बसले.

फिटनेसवाल्याने नमुने पुन्हा पिशवीतून काढले. त्याने सेक्रेटरींना ठरावाची आठवण करून दिली. लेखी होतं, तारीख होती, सही होती. कॅशियर म्हणाले, रेघ फूटभर मागे घेतली की झालं, मागे आठ फूट जागा पडलीय. फिटनेसवाला म्हणाला, ठरावात आखणी म्हटलंय, जागा नाही. आणि ते खरं होतं.

सगळ्यांचं लक्ष सेक्रेटरींकडे गेलं. हा मनुष्य नियमांचा इतका पक्का, की स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसाचा मांडव घालायला त्याने स्वतःलाच अर्ज केला होता. चार महिन्यांत त्याने बॅटही हातात धरली नव्हती. त्याने वही मिटली, चष्मा काढला, आणि फिटनेसवाल्याला विचारलं, “या खेळात पंच नसतो ना?”

रोजच्या खेळात नसतो, फिटनेसवाला म्हणाला. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्यानेच आत की बाहेर ते सांगायचं.

“तेच म्हणतो मी. बावीस ऐकून आम्ही सगळे टाळ्या पिटत होतो. तुम्ही सामान आवरलं होतं. हा माणूस गप्प बसला असता तर आम्हाला जन्मात कळलं नसतं.”  इतकं सलग सेक्रेटरी नियमाबाहेरचं कधी बोलले नव्हते. “जागा कुणाच्या तरी ताब्यात द्यायचीच असेल, तर अशा माणसाच्या द्यावी. ठराव बदलावा लागेल. समितीतले सात जण इथेच आहेत, पाच जणांच्या हातात बॅटी आहेत. हात वर करा.” पाच बॅटी वर गेल्या, आणि सहावा हात स्वतः सेक्रेटरींचा होता. हात खाली घेऊन ते म्हणाले, “रीतसर अर्ज मात्र उद्या द्या.”

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी टाकीचं समजून पुसलं.

नवी रेघ शागीर्दाने आखली, फूटभर मागे. जुनी रेघ खरवडून पाहिली, रॉकेल लावून पाहिलं, ती हलली नाही. ठेकेदाराचा शब्द खरा होता. मग डॉक्टरांनीच तोड काढली. गुडघे दुखणाऱ्यांनी जुन्या रेघेपर्यंत खेळावं, बाकीच्यांनी नव्या. जुन्या रेघेला साहेबांची रेघ म्हणायला लागले. साठी ओलांडलेली मंडळी लांबून लांबून खास त्या रेघेसाठी यायला लागली. दोन महिन्यांनी कापडाच्या गोदामाबाहेर फलक लागला: ज्येष्ठांसाठी शास्त्रीय पद्धतीने आखलेली वेगळी रेघ. दर थोडा जास्त होता. शागीर्द मुद्दाम बघून आला. त्याने सांगितलं, बरोब्बर एक फूट आत आहे, सर, सुताचाही फरक नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी, नव्या रेघेचा रंग वाळल्यावर, पहिला डाव झाला. टाकीकडून शिवणबाई खेळत होती. समोरून काकूंनी एक लांब चेंडू मारला. शिवणबाई जोडीदाराला म्हणाली, “सोडा, बाहेर आहे.” चेंडू जुन्या रेघेच्या चार बोटं पलीकडे आणि नव्या रेघेच्या आत पडला. असं पाच वेळा झालं. चार महिन्यांत पहिल्यांदा शिवणबाई हरली. ती तडक वर गेली.

साहेब मागोमाग गेले. दिवाणखान्यात ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. सभेनंतर जिन्यात ती जे बोलली होती ते आठवून साहेबांच्या डोक्यात दुपारपासून फिरत असलेला प्रश्न त्यांनी शेवटी विचारला. “तुला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. फोन ठेवून खाली आले आणि दोन्हीकडे पावलं टाकून पाहिली. इकडे पाऊण पाऊल कमी. हा पडदा डोळ्यांसमोर असतोच रोज.”

“मग बोलली का नाहीस?”

“जिंकत होते,” शिवणबाई म्हणाली. मग दुसरीकडे बघत, “आणि तुम्ही आठ महिन्यांनी पहिल्यांदा ताठ मानेने चालत होतात. फूटभरासाठी ते कशाला मोडायचं?”

 साहेब खिडकीपाशी उभे राहिले आणि सोफ्यावर लोळणारं पडद्याचं टोक उगाच सारखं करत राहिले. खाली काकू आपल्या विजयाची हकीकत दुसऱ्यांदा सांगत होत्या.

शिवणबाई उठली. आतल्या खोलीत जाऊन ती परत आली तेव्हा तिच्या हातात टेपची पेटी होती. शागीर्दाने जाताना ती गुपचूप तिच्याकडे दिली होती. साहेब म्हणाले, नको, मी लिहून दिलंय. ती म्हणाली, ठराव बदललाय, सेक्रेटरींना विचारा. तिने पेटी उघडली, टेपचं झिजलेलं टोक स्वतः खिडकीच्या वरच्या कोपऱ्याला लावून धरलं आणि बाकीची टेप नवऱ्याच्या हातात दिली.

“नवीन पडदा शिवायचाय,” ती म्हणाली. “मोजा. शून्यापासून.”